पुढील भागाच्या प्रतीक्षेत नेमके कोण?

वाचकांचे प्रश्न

ऑनलाइन कथामालिका लिहिणाऱ्यांनी आपल्या अडचणी कळवाव्यात, असे मी मागच्या अंकात सहज लिहून गेलो आणि त्याचे फळ म्हणून गेला महिनाभर पत्रे वाचतो आहे. भाषा, गाव आणि कथेचा प्रकार वेगळा असला तरी बहुतेक पत्रांच्या तळाशी एकच वाक्य आढळले: मला लिहिता येते का? त्यांपैकी चार पत्रे येथे थोडी संक्षिप्त करून घेत आहे. नावे पत्रलेखकांच्या इच्छेनुसार वगळली आहेत. पहिल्या पत्राला निम्म्याहून अधिक जागा गेली आहे, त्याबद्दल इतरांनी राग मानू नये; त्या पत्रात माहिती इतकी नेमकी होती की मोघम उत्तर देणे अन्यायाचे झाले असते.

प्रश्न: मी इचलकरंजीची असून एका पतसंस्थेत नोकरी करते. दिवाळीनंतर एका वाचनाच्या ॲपवर कथामालिका सुरू केली. यंत्रमागाच्या घरात वाढलेल्या सुलभा नावाच्या मुलीची ती गोष्ट आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री नऊ वाजता भाग टाकते, तो चुकवलेला नाही. पहिला भाग १,१४० जणांनी वाचला, दुसरा ६१०, तिसरा ५४०, चौथा ३७२ आणि आता चौदावा २१२. त्याच ॲपवर करारावर लग्न करणाऱ्या गर्विष्ठ उद्योगपतींच्या कथा लाखांच्या घरात वाचल्या जातात. माझ्याकडे प्रतिक्रिया येतात त्या ‘छान’, ‘मस्त’ आणि ‘पुभाप्र’ एवढ्याच. सकाळी चहाचे आधण ठेवण्याआधी मी फोन उघडते आणि आकडा पाहून दिवस कसा जाणार ते ठरते. काहीतरी घडायला हवे म्हणून बाराव्या भागात सुलभाच्या भावाचे अपहरण दाखवले, त्यानेही फरक पडला नाही. यजमान म्हणतात, ‘कशाला जागरणं करतेस, कोण विचारतंय?’ आपल्याला लिहिता येत नाही असे समजून थांबावे का?

उत्तर: ज्यांचा या जगाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो की ‘पुभाप्र’ म्हणजे ‘पुढील भागाच्या प्रतीक्षेत’. मराठी संकेतस्थळांवर हे लघुरूप ‘पुलेशु’ म्हणजे ‘पुढील लेखनास शुभेच्छा’ याच्या जोडीने फार दिवसांपासून रूढ आहे, आणि लिहिणाऱ्याला त्याचा प्रथम आनंद होतो, मग सवय होते आणि शेवटी चीड येते.

तुमची मालिका मी पहिल्या भागापासून चौदाव्यापर्यंत दोन बैठकांत वाचली. प्रश्न आकड्यांचा दिसत असला तरी केवळ आकड्यांवरून त्याचे उत्तर देणे मला शक्य नव्हते. तरीही सुरुवात आकड्यांपासूनच करू, कारण तुम्ही ते रोज पाहता, पण त्यांची वजाबाकी केलेली दिसत नाही.

पहिल्या भागाचे वाचक १,१४० आणि दुसऱ्याचे ६१०, म्हणजे ५३० जण दाराशी येऊन परत गेले. ही माणसे तुमची वाचक कधीच नव्हती. मुखपृष्ठ पाहून, शीर्षक पाहून, कधी बोट चुकून लागल्यामुळे त्यांनी भाग उघडला. कापडाच्या दुकानात शिरून नुसता पोत पाहून जाणाऱ्या गिऱ्हाइकांचा हिशेब कोणताही दुकानदार तोट्यात धरत नाही. पुढे तिसऱ्या भागाला ७० जण कमी झाले, ते साहजिक आहे. चौथ्या भागाला मात्र १६८ जण एकदम गेले. आणि त्यानंतर चौथ्यापासून चौदाव्यापर्यंत, दहा पायऱ्यांत मिळून, गळाले किती? १६०. म्हणजे भागामागे सरासरी सोळा. मालिकेचा चौदावा भाग वाचायला आधीचे तेरा वाचलेले असावे लागतात, त्यामुळे हा आकडा मधल्या मार्गाने वाढणे जवळजवळ अशक्य असते. तो फक्त किती हळू उतरतो एवढेच पाहायचे. शंभर वाचकांपैकी चौऱ्याण्णव-पंचाण्णव जण दर पायरीला टिकून राहत असतील, तर त्याला गळती म्हणत नाहीत. तुमचे खरे नुकसान एकाच ठिकाणी झाले आहे, तिसऱ्या आणि चौथ्या भागांच्या मध्ये.

तिथे काय आहे ते मी पुन्हा उघडून पाहिले. तिसऱ्या भागाच्या शेवटी रात्री अवेळी दार वाजते, आई कंदील मोठा करते, वडिलांच्या कपाळावर आठी पडते, सुलभा कडी काढते, समोर पाहून तिच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि तुम्ही ‘क्रमशः’ लिहिता. चौथ्या भागाच्या दुसऱ्या ओळीत कळते की दाराशी दूधवाला होता. गावाला जायचे म्हणून पहाटेऐवजी रात्रीच दूध द्यायला आला होता. मंगळवारपर्यंत चार दिवस थांबलेल्या माणसाच्या हातावर तुम्ही दुधाची पिशवी ठेवली. (शिवाय दूधवाल्याला पाहून मुलीची वाचा का बसावी, याचा खुलासा आजतागायत नाही.) ते १६८ जण तुमच्या भाषेला किंवा विषयाला कंटाळून गेलेले नाहीत, ते फसवले गेल्यासारखे वाटून गेले. क्रमशः लिहिणाऱ्याने भागाच्या शेवटी प्रश्न जरूर टांगावा, मात्र त्या प्रश्नाचे वजन पुढच्या भागाला पेलले पाहिजे. ही चूक कारागिरीची आहे, दुरुस्त होणारी आहे, आणि तिच्यासाठी ‘मला लिहिता येत नाही’ हा निष्कर्ष फार मोठा आहे.

आता नवव्या भागाकडे येतो. तुमचे वडील, म्हणजे सुलभाचे वडील, जेवायला बसलेले आहेत. भिंतीपलीकडे आठ माग चालू आहेत. त्या खटखटाटात घरातली माणसे सवयीने मोठ्याने बोलत आहेत. आणि घास हातात धरून वडील एकदम थांबतात, कारण आठांपैकी एका मागाचा आवाज बदललेला असतो. ते काहीही न बोलता उठतात, जाऊन तुटलेला धागा जोडतात आणि परत येऊन तोच घास तोंडात घालतात. आई तेवढ्या वेळात त्यांच्या आमटीवर ताटली झाकून ठेवते. एवढेच. या प्रसंगात काही घडत नाही असे तुम्हाला वाटले असावे, कारण त्यानंतर लगेच तुम्ही घाईघाईने एक भांडण घातले आहे. ते भांडण मी विसरलो, ती झाकलेली आमटी मात्र लक्षात राहिली. ज्याला मागाच्या शेजारी जेवण्याचा अनुभव नाही त्याला हे सुचणार नाही, आणि ज्याला अनुभव आहे पण लिहिता येत नाही त्याला ताटली दिसणार नाही. तुम्हाला दोन्ही जमले आहे. त्या भागाखालच्या प्रतिक्रिया मी मुद्दाम पाहिल्या. अकरा जणांनी ‘पुभाप्र’ लिहिले होते आणि एका बाईंनी लिहिले होते, ‘आमचे अण्णा असेच उठायचे.’ बाराव्या ओळीतली ही प्रतिक्रिया तुमच्या पत्रात कुठेच नाही. कदाचित आकडा पाहण्याच्या नादात ती तुमच्या नजरेतून सुटली.

मग बाराव्या भागात अपहरण येते. त्याचे पूर्वचिन्ह आधीच्या अकरा भागांत नाही, अपहरण करणारे कोण ते बहुधा लिहिताना तुम्हालाही ठाऊक नव्हते, आणि तेराव्या भागात भाऊ स्वतःच चालत घरी येतो, यावरून तुमचेही मन त्यात नव्हते हे उघड होते. शंका माणसाला नुसती दुःखी करीत असती तर तिच्याकडे दुर्लक्ष करून चालले असते. ती कथेत शिरते, हे तिचे खरे उपद्रवमूल्य आहे. सकाळी पाहिलेला आकडा रात्री तुमच्या शेजारी बसून लिहू लागतो, आणि त्याला सुलभाविषयी काहीच माहिती नसल्यामुळे तो दुसऱ्यांच्या कथांतली सामग्री आणून ओततो.

त्या दुसऱ्यांच्या कथांविषयी थोडे बोलले पाहिजे. करारातल्या लग्नाच्या कथांना नाक मुरडणे सोपे आहे आणि माझ्या वयाच्या लोकांना ते फार आवडते. मी अशा दोन मालिका वाचल्या. त्यांतली माणसे पुठ्ठ्याची आहेत हे खरे, पण दुसऱ्याच परिच्छेदात वाचकाला कळते की आपल्याला इथे काय मिळणार आहे, आणि ते त्याला प्रत्येक भागात थोडे थोडे न चुकता मिळते. तुमच्या मालिकेत सुलभाला नेमके काय हवे आहे, हे सहाव्या भागापर्यंत मला समजले नाही. तिला बाहेरगावी शिकायला जायचे आहे आणि वडिलांचे माग विकले जाऊ नयेत असेही वाटते. ही ओढाताण पहिल्याच भागात आली असती तर ५३० पैकी निदान काही जण आत येऊन बसले असते. एवढे त्यांच्याकडून घ्या आणि उद्योगपती त्यांच्याकडेच राहू द्या. त्यांचे वाचक आणि तुमचे वाचक ही एकाच रांगेतली माणसे नव्हेत, त्यामुळे लाख आणि दोनशे बारा यांची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि पाव शतकाहून अधिक काळ चालवले. त्यांच्या कादंबऱ्या त्यात आठवड्याआठवड्याला येत. अंक विकत घेणाऱ्या माणसाने कादंबरीचे पान वाचले, की वगळून तो पुढच्या मजकुराकडे वळला, हे समजण्याचा हरिभाऊंपाशी कोणताही मार्ग नव्हता. मी स्वतः एका साप्ताहिकासाठी कादंबरी लिहिली तेव्हाही परिस्थिती तीच होती. अंकाचा खप ठाऊक असे, माझ्या पानाचा नव्हे. किती वाचक मला मध्येच सोडून गेले ते मला आजही माहीत नाही, आणि या अज्ञानाच्या जोरावरच मी ती कादंबरी पुरी करू शकलो असे आता वाटते. तुमच्या पिढीला प्रत्येक वाचकाची पाठ दिसते. पूर्वीचे लेखक तुमच्यापेक्षा खंबीर होते असे मानून स्वतःला कमी लेखू नका. त्यांना हे पाहावेच लागत नव्हते.

पाहणे टाळता येत नसेल तर निदान लांबवता येते. पंधरावा भाग लिहून झाल्याबरोबर टाकू नका. तीन आठवड्यांची जाहीर रजा घ्या, सहा भाग लिहून बाजूला ठेवा आणि मगच मंगळवार-शुक्रवार पुन्हा सुरू करा. मग ज्या दिवशी पंधराव्याचा आकडा तुम्हाला दिसेल त्या दिवशी तुमच्या हातात एकविसावा भाग असेल, आणि पंधराव्याच्या निराशेला एकविसाव्यापर्यंत पोहोचायला बराच वेळ लागेल. आठवड्याला दोन भाग झेपत नसतील तर एक करा. नोकरी आणि घर सांभाळून रात्री दहानंतर लिहिणाऱ्या बाईने आठवड्याला दोनदा वचन देणे मला तरी फाजील धाडस वाटते. अपहरणाचे काय करायचे? बारावा आणि तेरावा भाग सरळ बदला, आणि चौदाव्याच्या वर दोन ओळींत तसे सांगा. टिकून राहिलेले दोनशे बारा जण त्यासाठी तुम्हाला सोडून जाणार नाहीत.

यजमानांना नववा भाग वाचून दाखवा. स्वतः वाचायला देऊ नका, वाचून दाखवा.

प्रश्न: मी नांदेड जिल्ह्यात राहतो आणि भयकथा लिहितो. माझ्या मालिकेचे सहा भाग एका ध्वनिकथांच्या वाहिनीने माझे नाव न घेता वाचून दाखवले. मला प्रत्येक भागाला तीनशे-साडेतीनशे वाचक मिळतात, त्यांना पंचवीस हजार श्रोते मिळाले. आधी संताप आला, नंतर वाटू लागले की गोष्टीत काही नसावे, त्यांच्या आवाजातच सगळे असावे. शिवाय मी लेखनाची कुठेही नोंदणी केलेली नाही, मग माझा हक्क राहतो का?

उत्तर: हक्क राहतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृती निर्माण होताच तिचा हक्क लेखकाकडे येतो. नोंदणी ऐच्छिक आहे, वाद उद्भवल्यास पुरावा म्हणून ती उपयोगी पडते एवढेच. हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कृतीवर आपले नाव असण्याचा हक्क लेखकाचा असतो, आणि हे हक्क त्याने कॉपीराइट दुसऱ्याला विकला तरीही त्याच्यापाशी उरतात. तेव्हा आधी आपल्या भागांच्या प्रसिद्धीच्या तारखा दिसतील अशी छायाचित्रे आणि त्या ध्वनिफितींचे दुवे जपून ठेवा, मूळ हस्तलिखित किंवा फाइल हलवू नका. त्यानंतर वाहिनीला लेखी कळवा आणि ती ज्या मंचावर आहे तिथल्या कॉपीराइट तक्रारीच्या अर्जात प्रत्येक ध्वनिफितीचा दुवा वेगवेगळा भरा. ‘माझ्या सर्व कथा चोरल्या’ अशी सरसकट तक्रार केली तर ती बहुधा तशीच पडून राहते. प्रतिक्रियांमध्ये भांडू नका. त्याने त्यांचेच श्रोते वाढतात.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे मला हसू आले, रागावू नका. चोराने घरातली पितळी समई उचलून नेली आणि बाजारात तिला चांगला भाव मिळाला, यावरून समई आपल्या घरात होती तेव्हा कथलाची होती असे कोणी मानत नाही. तुमच्या कथेतला वाड्याचा मागचा आड आणि त्यातून येणारा पाटा-वरवंट्याचा आवाज मी अंधारात ऐकला असता तर मीही पंचवीस हजारांत सामील झालो असतो. भयकथा ही मुळात ऐकण्याची गोष्ट आहे. ती स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या नावाने वाचून ध्वनिमुद्रित करण्याचा विचार अवश्य करा. आवाज साधा असला तरी हरकत नाही, नांदेडकडचा हेल तर मुळीच लपवू नका.

प्रश्न: मी फोंड्याहून लिहितो आहे. माझ्या मालिकेत नायिकेपुढे दोन स्थळे आहेत, एक बोटीवर नोकरी करणारा आणि दुसरा गावातच बागायत सांभाळणारा. वाचकांत सरळ दोन तट पडले आहेत. मी ठरवलेला शेवट बोटीवरच्या मुलाच्या बाजूचा आहे, पण बागायतीवाल्याचे चाहते अधिक आहेत आणि एकाने तर ‘तसे केलेत तर वाचणे बंद’ असे लिहिले. आता मला माझाच शेवट चुकीचा वाटू लागला आहे. वाचकांचे किती ऐकावे?

उत्तर: हा पेच फार जुना आहे. चार्ल्स डिकन्सच्या बऱ्याच कादंबऱ्या मासिक भागांत निघत. १८४३ मध्ये त्याच्या ‘मार्टिन चझलविट’चा खप अपेक्षेइतका होईना, तेव्हा त्याने नायकाला अमेरिकेला धाडले. खप थोडासा वाढला, म्हणण्यासारखा नाही, आणि अमेरिकेतले वाचक त्या चित्रणाने चिडले ते वेगळेच. पुढे १८४९-५० मध्ये ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ चालू असताना त्यातल्या एका ठेंगण्या बाईचे पात्र आपल्यावरून बेतले आहे आणि त्यामुळे आपली मानहानी होते आहे, अशी तक्रार एका खऱ्या स्त्रीने केली. डिकन्सने त्या पात्राचा रोख बदलला आणि नंतरच्या भागात ती बाई सहृदय म्हणून येते. पहिल्या वेळी त्याने खपाकडे पाहून कथा वळवली होती, दुसऱ्या वेळी एका माणसाचे दुखणे ऐकून. दुसऱ्या बदलाने कादंबरीचे काही बिघडले असे मला वाटत नाही.

तुम्हीही वाचकांची पत्रे अशीच वेगळी करा. ‘तिने बागायतीवाल्याशीच लग्न करावे’ हे मत आहे. ते प्रेमाने वाचावे आणि बाजूला ठेवावे. पण ‘बोटीवरचा मुलगा तिला आवडतो असे तुम्ही सांगता, दिसत मात्र नाही’ असे कोणी म्हणत असेल, तर ती तक्रार तुमच्या शेवटाबद्दल नाही, त्याच्या तयारीबद्दल आहे. मी तुमचे भाग वाचले. बागायतीवाला दर भागात दिसतो, पोफळींना पाणी सोडतो, तिच्या आजीला डॉक्टरकडे नेतो, चतुर्थीला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या छतासाठी, रानफळे आणून देतो. बोटीवरचा मुलगा अकरा भागांत दोनदा फोन करतो आणि दोन्ही वेळा लाइन तुटते. वाचक त्याच्या बाजूने कसे उभे राहतील? शेवट तोच ठेवा, मात्र त्या मुलाला रजेवर घरी आणा आणि आजीशी चार शब्द बोलू द्या. ‘वाचणे बंद’ म्हणणारा गृहस्थ बहुधा शेवटच्या भागापर्यंत तुमच्याबरोबर असेल. इतक्या तळमळीने भांडणारे वाचक सहसा पळून जात नाहीत. जे जातात ते काहीही न लिहिता जातात.

प्रश्न: मी जर्मनीत राहते आणि मराठीत लिहिते. सतरा भाग नियमित लिहिले, नंतर आईच्या आजारपणासाठी भारतात यावे लागले आणि मालिका पाच महिने बंद पडली. सुरुवातीला वाचकांनी विचारपूस केली, मग टोमणे मारले, ‘झेपत नाही तर सुरू कशाला करता’ असेही कोणी लिहिले, आता कोणीच काही लिहीत नाही. मला परत लिहायचे आहे, पण लाज वाटते. शिवाय आता ती पात्रे परकी वाटतात. नवीनच मालिका सुरू करावी का?

उत्तर: नवीन सुरू करू नका, निदान आत्ता नको. अर्धवट सोडलेल्या मालिकेनंतर सुरू केलेल्या मालिकेत सतरावा भाग जवळ येऊ लागला की तीच भीती पुन्हा उभी राहते, हे मी दोन ओळखीच्या लेखकांच्या बाबतीत पाहिले आहे.

टोमण्यांविषयी थोडक्यात सांगतो. तुमच्या आईच्या आजाराची त्यांना कल्पना नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते. ‘क्रमशः’ या शब्दावर विसंबून त्यांनी सतरा भाग वाचले, त्यामुळे त्यांच्या चिडण्यात थोडा हक्क आहे आणि बराचसा लोभही आहे. त्याची लाज वाटून घेण्यासारखे तुमच्याकडून काही घडलेले नाही. आपट्यांसारख्या लेखकाच्याही काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या, आणि त्यांच्यापाशी तर स्वतःचे साप्ताहिक होते.

पात्रे परकी वाटतात यावर उपाय एकच, पहिल्या भागापासून सगळे पुन्हा वाचणे, आणि तेही मोबाइलवर नव्हे तर कागदावर छापून, हातात पेन्सिल घेऊन. प्रत्येक पात्राचे नाव, वय, नाते, गाव आणि ते शेवटचे कुठे दिसले होते, याची एक वही करा. हे न केल्याची शिक्षा मी भोगलेली आहे. वर उल्लेखलेल्या माझ्या कादंबरीत मधे दोन महिने खंड पडला होता, आणि परत लिहू लागलो तेव्हा सहाव्या प्रकरणात वारलेले मामा एकोणिसाव्या प्रकरणातल्या लग्नात अक्षता टाकायला हजर झाले. माझ्या लक्षात आले नाही, संपादकांच्या आले नाही, मुद्रितशोधकाच्याही आले नाही. चार दिवसांनी एका वाचकाचे पोस्टकार्ड आले, त्यावर एवढेच होते: ‘मामांना पाहून आनंद झाला. प्रकृती कशी आहे?’ ते पोस्टकार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या दिवशी लाजेने मान खाली गेली होती हे खरे, पण सहाव्या प्रकरणातला एक मृत्यू कोणीतरी एकोणिसाव्यापर्यंत मनात धरून ठेवला होता, हे कळायला मला काही वर्षे जावी लागली.

वाचून झाल्यावर अठराव्या भागाच्या आधी ‘आतापर्यंतची कथा’ म्हणून आठ-दहा ओळी द्या. खंडाबद्दल दोन वाक्ये पुरेत. आजारपणाचा तपशील देऊ नका, तो तुमच्या घरातला आहे. अठरावा भाग शक्यतो छोटा ठेवा आणि त्यात नवीन पात्र आणू नका, वाचकाला आधी जुनी ओळखू द्या. जुन्यांपैकी निम्मे परत येतील, कदाचित तेवढेही नाहीत, तो आकडा पहिल्या महिन्यात पाहू नये हे उत्तम. आणि एकोणिसावा व विसावा भाग लिहून तयार असल्याशिवाय अठरावा टाकू नका.